डावी बाजू वाढू दे

१२ नोव्हेंबर
कंपनीतून हाफ-डे काढला. डिस्पॅचला सगळे वैतागले. वैतागू देत. संजू केळव्याहून बोईसरला आला, पोटात जड वाटतंय म्हणून. धाकट्या भावाला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे ओढूनच न्यावं लागतं.
सोनोग्राफीवाला डॉक्टर आधी गप्पा मारत होता. संजू वाडीत भाड्यानं देतो त्या खोल्या रविवारी मिळतील का वगैरे. मग उजव्या बरगडीखाली त्याचा हात थांबला, गप्पाही थांबल्या. "सी.टी. करून घ्या," एवढंच.
बाहेर आल्यावर संजू म्हणतो, "ताय, वडापाव खाऊया?" त्यानं दोन खाल्ले. मला एक गिळवेना.

१९ नोव्हेंबर
लिव्हरला गाठ. उजव्या बाजूला, मोठी. पालघरच्या डॉक्टरांनी कागदावर कॅन्सर लिहिलं नाही, तोंडानं सांगितलं. मुंबईला न्या म्हणाले.
त्यांचा पहिला प्रश्न, "दारू किती?" ताडीच्या गावात राहून ताडीला तोंड न लावलेला माणूस. रेखा भडकलीच. "डॉक्टर, गावात विचारा कोणालापण!" पण गावात दारूचंच बोलणार, तिलाही ठाऊक आहे. नवऱ्याच्या आजारापेक्षा आज तिला तेच जास्त लागलं. की आजाराकडे बघवत नाही म्हणून तिकडे बघतेय.
आईला "पित्ताचे खडे" सांगितलंय.

२७ नोव्हेंबर
मुंबई. दिवसभर बाकावर. सर्जन बाई आहेत, चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं. आमच्यापेक्षा दमलेल्या वाटल्या. त्यांनी कागद ओढून लिव्हर काढलं, उजवीकडचा मोठा भाग रेघ मारून वेगळा केला.
"हा काढावा लागेल. पण उरलेली डावी बाजू लहान आहे. तेवढ्यावर हे तगणार नाहीत."
संजू कागदावर वाकला. मग, "मंग?"
उजव्या बाजूला रक्त नेणारी शीर आधी सुईनं बंद करायची. रक्त डावीकडे वळलं की ती बाजू वाढते. पुरेशी वाढली तर ऑपरेशन. नाही वाढली तर… बाई म्हणाल्या, तेव्हाचं तेव्हा बोलू.
मूळ कारण बी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी. वर्षानुवर्षं अंगात होती, कळली नाही. बहुतेक जन्माच्या वेळी आईकडूनच आली असणार. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा म्हणाल्या.
गाडी मनोरला आली. मग संजूच म्हणाला, "यातला कायपण आयला सांगायचा नाय."

५ डिसेंबर
शीर बंद केली. दोन दिवस ताप, मग घरी. रेखा आणि तिची लेक पूर्वा, दोघींचे रिपोर्ट चांगले. पूर्वाला लहानपणी लस दिली होती.
माझा पॉझिटिव्ह.

६ डिसेंबर
काल पुढे लिहिलं नाही. लिव्हर आज तरी ठीक आहे. आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्त, जन्मभर. डॉक्टर समजावत होते की बरेच लोक असेच नीट जगतात. मी मान हलवत होते. मनात एकच, की आता रजा कुठून आणायची.
संजूला सांगितलं. "तुलापण?" म्हणाला, आणि हसला. मग डोळे पुसले. माझ्या आजाराला रडला, स्वतःच्या नाही.

२१ डिसेंबर
रविवार. केळव्याला गेले. संजूला वाडीत काम करायची बंदी, तर खुर्ची टाकून बसतो आणि पानवेलीचं काम करणाऱ्या गड्यावर ओरडतो. पोटावर हात ठेवून, "वाढ गो बाय, वाढ. पायजे तेवढी जागा घे." रेखा हसते, आत जाऊन भांडी आपटते.
आई माझ्याकडे बघत होती. "खड्यांसाठी एवढे दिवस लागतात?" म्हटलं, मोठे आहेत.

२ जानेवारी
डावी बाजू वाढली. पुरेल, बाई म्हणाल्या. नुकतं पुरेल.
त्या पहिल्यांदा हसल्या. मला आनंद व्हायला हवा होता. झोप आली फक्त.

९ जानेवारी
ऑपरेशन. सकाळी आत नेलं, दुपारचं जेवण झालं, चहा झाला, तरी बाहेर नाही. शेजारच्या बाकावर जळगावकडचं जोडपं. त्यांच्या मुलाला आत न नेताच परत पाठवलं होतं, गाठ पसरली म्हणून. त्या माऊलीनं मला चिवडा दिला. मी घेतला.
संध्याकाळी बाई आल्या. टोपीचा वळ कपाळावर. "निघालं सगळं. रक्त बरंच गेलं. आता उरलेल्या लिव्हरनं काम उचललं पाहिजे."

१४ जानेवारी
उचलत नाहीये. डोळे पिवळे, पोटात पाणी, बोलतो ते धड कळत नाही. मला "आय" म्हणाला. रेखा खाली देवळात जाऊन बसली. मी आय.सी.यू.च्या दाराशी. कंपनीतून फोन, ताई कधी येताय. संक्रांत आहे हे त्या फोनवर कळलं.

१७ जानेवारी
तसंच.

२० जानेवारी
कावीळ किंचित उतरली. लिहायचं त्राण नाही.

२४ जानेवारी
संजूनं पेजेत मीठ कमी असल्याची तक्रार केली. रेखा रडली, पार हुंदके देऊन. नर्सला वाटलं काही वाईट झालं.

१२ फेब्रुवारी
गाठीचा रिपोर्ट. कडा साफ. पण बारीक रक्तवाहिन्यांत काही पेशी दिसल्यात, म्हणजे परत येण्याची भीती जास्त. एक अभ्यास चालू आहे. ऑपरेशननंतर औषध दिलं तर गाठ परत येणं टळतं का, ते बघायचं. काहींना औषध, काहींवर नुसती नजर. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार.
रेखाला पटेना. "माणसांवर प्रयोग करता?" तरुण डॉक्टर न चिडता परत पहिल्यापासून समजावत राहिला. खरंच माहीत नाही म्हणाला, कुठलं बरं ते. डॉक्टरच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं.
संजूनं सही केली. "पुढच्याला तरी कळेल."

१९ फेब्रुवारी
संजूच्या वाट्याला नुसती नजर. "बघत ऱ्हायचा? त्ये तर मी खुर्चीत बसूनपण करतो." हसला, पण जेवला नाही.
त्याच डॉक्टरचं दुसरंही काम आहे. एकाच घरात बी कावीळ कशी उतरते, त्याचं. माझं रक्त घेतलं. आईचं मिळालं तर बरं, म्हणाला. तसंही तिची तपासणी व्हायलाच हवी. पण का घेतोय ते तिला सांगावं लागेल, न सांगता घेणार नाही.
संजू म्हणाला, "नाय म्हंजे नाय."

८ मार्च
केळवे. आई ओसरीवर सुपाऱ्या कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "घरात सगल्यांचा रक्त घेतला. माजाच का नाय?"
खोटं सुचेना. थकले होते मी. सांगितलं. खडे नव्हते, काय होतं, काय काढलं, मलाही आहे, कुठून आलं असावं आणि तो डॉक्टर तिचं रक्त का मागतोय. तुझी चूक नाही, कुणालाच माहीत नव्हतं, हे दोन-तीनदा सांगितलं.
तिचा अडकित्ता बाजूला पडला होता.
म्हणाली, "माजी आयपण पिवली होऊनच गेली. पोट फुगला होता. लोक बोलले, कोनी करनी केली तिला." मग, "तिच्याकडून मना, माज्याकडून तुमाला."
मी अडकित्ता उचलून तिच्याजवळ ठेवला.
"घेऊ दे त्याला रक्त."

११ मार्च
संजू माझ्याशी बोलत नाही. रेखा फोनवर म्हणाली, आई त्याच्या समोर येणं टाळतात. ताट वाढतात आणि आत जातात.

२ एप्रिल
मुंबई, संजूचा एम.आर.आय. आई हट्टानं बरोबर आली. चांगलं लुगडं नेसून. तरुण डॉक्टरनं तिला सगळं सांगितलं, अंगठा नको म्हणाली, सही केली. हात पुढे केला. शीर सापडेना, दोनदा टोचलं, ती हूं की चूं नाही. "यात समजेल काय, कोनाकडून आला?" तो म्हणाला, "काही प्रमाणात, आजी."
दुपारी बाईंनी संजूचे फोटो दाखवले. नव्या वाढलेल्या भागात एक ठिपका. गाठ असेल, नसेलही. इतक्यात सांगता येत नाही. काही आठवड्यांनी परत फोटो. रेखानं विचारलं, आता औषध द्याल का? बाई म्हणाल्या, आधी तो ठिपका काय आहे ते कळू दे.
परत येताना आई मागे, मध्ये बसली. मी एका बाजूला, संजू दुसऱ्या. वरईच्या पुढे संजूला डुलकी लागली, डोकं तिच्या खांद्यावर कललं. टोचलेला हात त्याच बाजूचा होता. तिनं हलवला नाही.
हळूच मला म्हणाली, "हा उठला का मी याच्याशी काय बोलू, सुमे?"
पालघर यायचं होतं अजून.