मढच्या खडकांवर राहिलेला कॅमेरा

मी, सुगंधा राजाराम परब, वय वर्षे एकोणसत्तर, राहणार दहिसर पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला न भुलता लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण म्हातारीचे डोके ठिकाणावर नव्हते असे म्हणणारे आमच्या नात्यात आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

१. दहिसरची राहती खोली माझा मुलगा नितेश आणि सून श्वेता यांना समान हिश्श्याने मिळावी. श्वेताचे नाव मुद्दाम घातले आहे. बिल्डरचा माणूस चहा पाजतो आणि नितेश सही करून मोकळा होतो. श्वेता आधी कागद वाचते. माझ्या कपाटातलेही तिने वाचले आहेत, हे मला ठाऊक आहे.

२. बँकेतील ठेवीतून माझे क्रियाकर्म व्हावे. उरेल ते नितेशचे.

३. नणंद द्रौपदी हिला काहीही देऊ नये. माझ्या पतीच्या तेराव्याला ती पंगतीत शेजारणीला म्हणाली, "दादा पडला नाही गं, त्याने उडी मारली." मी तेव्हा तिच्याच पानात वाढत होते.

४. पतीचा कॅमेरा, ट्रायपॉड आणि काळ्या काचा. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

माझे पती आणि त्यांचे मित्र नंदकुमार घाडी अंधेरीच्या एका छापखान्यात कामाला होते. सुट्टीला दोघे मढच्या खडकांवर फोटो काढायला जात. लेन्सपुढे काळी काच लावायची आणि शटर काही मिनिटे उघडे ठेवायचे. मग लाटांचे धुके होते, खडक तेवढे स्पष्ट उरतात. जे हलते ते फोटोतून पुसले जाते.

२०११ च्या डिसेंबरात एका रविवारी नंदू एकटाच घरी आला. ह्यांचा कॅमेरा त्याने शर्टात गुंडाळून आणला होता. म्हणाला, "वहिनी, मी टपरीवर चहाला गेलो होतो. परत आलो तर राजा नव्हता. आईशप्पथ." ह्यांचा देह दुसऱ्या दिवशी कोळ्यांना सापडला. पोलिसांनी अपघात लिहिला.

ह्यांच्या कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो मी पाहिला. धुक्यासारखे पाणी, काळे खडक आणि कडेला नंदूचा ट्रायपॉड, त्यावर त्याचा कॅमेरा, अगदी स्पष्ट. माणूस कोणीच नाही. पण हलणारा माणूस त्यात दिसलाच नसता. आणि भरती चढत असताना आपला कॅमेरा खडकावर सोडून चहाला कोण जाते?

मी हे कोणाला बोलले नाही. नंदूलाच म्हटले, "भाऊजी, मला हे फोटो शिकवा." त्याने शिकवले. कितीतरी वर्षे आम्ही मढला गेलो. तो माझा ट्रायपॉड उचलायचा, शेवाळ कुठे आहे ते दाखवायचा. मी त्याच्याकडे पाठ करून कधी उभी राहिले नाही.

दोन वर्षांपूर्वी एक लाट वर आली आणि माझा पाय सुटला. नंदूचा कॅमेरा त्याच्या हाताशीच होता. तो कलंडलेला त्याने पाहिला, तरी माझे मनगट धरले. कॅमेरा गेला. आम्ही भिजून खडकावर बसलो होतो. मी विचारले, "त्या दिवशी तुम्ही खरंच कुठे होतात?"

त्याने शर्टाची ओली बाही पिळली. मग म्हणाला, "वहिनी, आज तरी हात दिला ना?"

या उत्तराचा अर्थ मी अजून लावते आहे. पुन्हा विचारण्याचे धाडस झाले नाही. आधी धीर कोणाचा सुटेल, त्याचा की माझा, याची खात्री नव्हती.

तरी ह्यांचा कॅमेरा आणि सर्व सामान नंदकुमार घाडी यांना द्यावे. वकील म्हणाले, खरे सांगितले तरच मिळेल अशी अट घाला. मी घातली नाही. कॅमेऱ्यासाठी सांगितलेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसणार नाही. शेवटचा फोटो मात्र नितेशकडे राहावा. नंदूने मागितल्यास त्याची प्रत देऊ नये.

५. माझ्या अस्थी त्याच खडकांवरून, ओहोटी असताना सोडाव्यात. पाय कुठे ठेवावा हे नंदूला माहीत आहे, म्हणून त्याला बोलवावे. तो पुढे गेला तर नितेशने त्याला एकटे सोडू नये. त्याचेही आता वय झाले आहे. अस्थींचा कलश श्वेताने धरावा, नितेशने हातात काही घेऊ नये. फोनसुद्धा नाही.

ज्यांना यातून काही मिळणार नाही असेच साक्षीदार मी निवडले आहेत. मला वकिलांच्या कचेरीत रिक्षाने घेऊन आलेला नंदू बाहेर बाकावर बसला आहे. आत काय लिहिले ते त्याने विचारलेले नाही.

ठिकाण: दहिसर
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

सही: सुगंधा राजाराम परब

साक्षीदार:
१. डॉ. मृणालिनी सावे, दहिसर
२. निहार तांडेल, बोरिवली