चार चमचे आण

सोमवार, ३ जुलै
नाही गिरवून घेणार! मोठ्या बाईंनी आज सगळ्या शिक्षकांसमोर माझ्या बालवर्गाच्या कोऱ्या वह्या टेबलावर आपटल्या. "महिना झाला. पालक विचारतात, मुलं शाळेत करतात काय?"

करतात काय — बटणं मोजतात! झाकणांच्या जोड्या लावतात. वाळूच्या ताटात बोटानं अक्षर काढतात, पुसतात, पुन्हा काढतात. पाच वर्षांची बोटं ती, पेन्सिल दाबून दाबून पांढरी पडतात. हे मी बोलून दाखवलं. "कौतुकं पुरेत," म्हणाल्या.

मंगळवार, ४ जुलै
सुताराकडून खरखरीत पॉलिशपेपर आणला. अक्षरं कापून पुठ्ठ्यावर डकवत बसले. नवरा चहा पीत बघत होता. "अगं, दोन पानं गिरवून घे नि मोकळी हो. कशाला डोक्याला ताप?" त्याच्याच हातात कात्री दिली. पठ्ठ्यानं 'ग' उलटा कापला!

गुरुवार, ६ जुलै
डोळे मिटून अक्षर ओळखायचा खेळ. आमची मुकी — सगळे तिला मुकीच म्हणतात, शाळा सुरू झाल्यापासून चकार शब्द नाही — पुठ्ठ्यावर बोट फिरवत राहिली, फिरवत राहिली. मग एकदम, "ह्याच्या डोक्यावर गाठ आहे. भ!" 'म'च्या डोक्यावर गाठ नाही, हेही तिनंच सांगितलं.

मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. डोळे भरून आलेले मुलांना कशाला दाखवा.

शुक्रवार, ७ जुलै
मोठ्या बाईंची चिठ्ठी आली. सोमवारी तपासणी, वह्या भरलेल्या हव्यात. — कोऱ्याच राहतील.

सोमवार, १० जुलै
मोठ्या बाई आल्या. सोबत संस्थेचे अध्यक्ष. त्यांची नात माझ्याच वर्गात. "घरी शिकवलंय आम्ही, ऐका." पोरीनं शंभरपर्यंत घडाघडा म्हटलं. टाळ्या!

मी म्हटलं, "बाळा, त्या डब्यातून चार चमचे आण बरं."
मूठभर आणले. नऊ होते.

अध्यक्ष खाकरले. मी चार कप मांडले. "प्रत्येकाला एक दे." ती एकेक ठेवत गेली. उरलेले हातात धरून बघत बसली, मग हसूच फुटलं तिला. "चार एवढेच असतात?"

"पोरीचा अपमान करता?" अध्यक्ष कडाडले. पोर तर खुशीत होती! अपमान झाला तो दुसऱ्याच कुणाचा तरी.

बुधवार, १२ जुलै
पाकीट मिळालं. शिस्तभंग. उद्यापासून येऊ नये. देताना मोठ्या बाईंनी वर पाहिलं नाही. "माफी मागितलीत तर काही करता येईल."
"कशाची माफी?"
मी बटणं, ताटं, पुठ्ठे पिशव्यांत भरले. माझेच होते. मुकी दारात आडवी आली — "बाई, उद्या काय करायचं?" खोटं बोलवेना. डोक्यावरून हात फिरवून निघाले. वाटेत रडले नाही. संतापच इतका होता!

गुरुवार, १३ जुलै
सकाळी साडेसातला दार वाजलं. मुकी आणि तिची आई. मागे जिन्यावर आणखी दहा मुलं आयांसकट! पत्ता म्हणे शिपाई मावशींनी दिला. सगळ्यांत शेवटी अध्यक्षांची सून, लेकीचं बोट धरून. "सासऱ्यांचं मी बघून घेते. तुम्ही सुरू करा."

नवऱ्यानं काही न विचारता पलंग उचलून भिंतीला उभा केला.