बिनलेबलाच्या तेवीस बाटल्या

पालघर,
२७ फेब्रुवारी १९६६

तीर्थस्वरूप रामादादा यांस, धाकट्या भिकाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमच्या पाठीची उसण उतरली असेल असं धरून चालतो. नसेल तर वहिनी चोळते ते तेल तिच्यासमोर तरी नावाजत जा. तुम्ही पाठवलेली सुकट पोचली आणि संपलीही (तुमची भावजय जमना म्हणते मी संपवली, मी म्हणतो मांजराने; मांजर काही बोलत नाही). बाकी आम्ही खुशाल.

गेल्या होळीला तुम्ही चारचौघांत म्हणालात की आमचा भिका हायस्कुलात काचा धुतो. दादा, धुतो हे खरं आहे. पण परवा त्या धुण्यातून काय रामायण झालं ते वाचा आणि मग चारचौघांत बोला.

गुरुवारी अकरावीची रसायनाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रत्येकाच्या पुढ्यात एक बिननावाची पूड ठेवायची आणि ती कशाची हे त्याने शोधून काढायचं, असा तो प्रकार. परीक्षक बाहेरगावचे, कडक. आमचे चुरीसर केळव्याचे, बी. एस्सी. होऊन नुकतेच लागलेले, त्यांची ही पहिलीच परीक्षा. नव्या माणसाची शोभा राहावी म्हणून सोमवारी मी कपाटातल्या तेवीस बाटल्या सोड्याच्या कढत पाण्यात बुडवून लख्ख केल्या. इतक्या लख्ख, की लेबलंही निघाली. (डिंक हलका होता. मी सरांना तसं सांगितलंसुद्धा.)

सर स्टुलावर बसले ते बसलेच. "भिका, यातल्या अठरा पांढऱ्या आहेत रे," एवढंच म्हणाले.

"सर, तुमी चाय घ्या," मी म्हटलं. "बारा वरसं मी हेच बघतोय."

आणि दादा, फुशारकी नाही, पण मी सुरुवात केली. निळा तो मोरचूद, हिरवा तो हिराकस. यात कसलं शिक्षण? नवसागराला चुना लावून तळहातावर चोळला की मुशीची मासळी वाळत घातल्यासारखा वास नाकात चढतो. आपल्या घरातलं तान्हं पोरही ओळखेल, सर मात्र तीन वेळा शिंकले. सोडा आम्लात फसफसतो. सोरा तारेवर घेऊन दिव्यात धरला की ज्योत जांभळी होते. एकदा मी बोट तोंडाकडे नेलं (खाजवायला), तर सर ओरडले, "जीभ लावू नकोस, शिशाचं असेल!" आणि त्यांनी माझा हातच धरून ठेवला. माणूस चांगला आहे. मी नाव सांगायचं, त्यांनी पुस्तकाप्रमाणे ताडून बघायचं, असं करत बुधवारी दुपारपर्यंत बावीस बाटल्यांना नावं मिळाली.

तेविसावीवर मात्र आमचं वाजलं. मी म्हटलं जस्ताची, सर म्हणाले मॅग्नेशियमची. मी कोळशावर फुंकून दाखवतो म्हणालो, पण त्यांना घाई होती. "शेवटी मी शिकलोय की तू?" असं म्हणून त्यांनी लेबल लिहिलं. मी गप्प बसलो. (जमनेला हे खरं वाटत नाही.)

गुरुवारी ती तेविसावी नेमकी उमरोळीच्या मथुराच्या पुढ्यात गेली. ही पोरगी वर्गात तोंड उघडत नाही, पण हात सावकाश आणि स्वच्छ चालतो. तिला नर्सिंगला जायचंय. तिने लिहिलं, जस्त. परीक्षकांनी यादी पाहिली आणि लाल पेन्सिल उचलली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण लिहिलेलं तिने खोडलं नाही.

शिपायाने परीक्षेत बोलायचं नसतं. नोकरी जाते. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी माझं तोंड उघडलं. "सायेब, पोरीचं बरोबर हाय. यादी चुकलीय."

"तू कोण?"

मी कोण ते न सांगता कोळशात खड्डा केला, पूड सोड्यात मिसळून घातली आणि फुंकनळीने दिव्याची ज्योत तिच्यावर फुंकू लागलो. गरम होती तोवर पूड पिवळी दिसली, निवली तशी पांढरी झाली. जस्ताशिवाय असं कुणी करत नाही. तेवढ्यात चुरीसर पुढे आले. म्हणाले, "सर, चूक माझी आहे. भिकाने मला काल सांगितलं होतं." असं म्हणायला माणसाला छाती लागते, दादा. परीक्षकांनी यादी सुधारली, मथुराला पूर्ण मार्क दिले आणि जाताना मला विचारलं, "किती शिकलास?" मी म्हटलं, सातवी. ते "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ मी तीन दिवस लावतो आहे.

वहिनीस नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
भिका

ता. क. माझा सातवीचा दाखला तुमच्या पत्र्याच्या पेटीत असेल. रजिस्टरने पाठवा. चुरीसर म्हणतात बाहेरून मॅट्रिकला बसता येतं, फॉर्म ते भरतील. माझं वय चौतीस आहे हे त्यांना माहीत आहे.

ता. क. दुसरा. रसायनाची काळजी नाही. पण अपूर्णांक मी साफ विसरलो आहे. तुमची हंसा सहावीत आहे, तिला मेच्या सुट्टीत आठ दिवस इकडे पाठवा. ती मला ओरडली तरी चालेल. फक्त जमनेसमोर नको.