आपल्या संत्रा बर्फीला हलाल

आई, आपल्या संत्रा बर्फीला आज हलालचं प्रमाणपत्र मिळालं. खिळा ठोकून कारखान्याच्या भिंतीवर लगेच लावलंसुद्धा. तू असतीस तर कपाळावर हात मारून विचारलं असतंस, बर्फीत मटण कुठून आलं वं? मलाही अगदी तेच वाटलं होतं. मलेशियातल्या एका व्यापाऱ्याला आपली बर्फी आवडली, माल भरपूर हवा होता, पण प्रमाणपत्राशिवाय तो एक खोकंही घेणार नव्हता. आपल्या कारखान्याची ही पहिलीच परदेशी ऑर्डर. मी म्हटलं, दूध, साखर आणि कळमन्याच्या बाजारातली संत्री, पाकिटावर हिरवा ठिपका, यात तपासायचं ते काय? चहा पाजू, सही घेऊ.

तपासणीला आलेले चाचा यवतमाळकडचे, बोलणं थेट तुझ्या माहेरचं. चहा तसाच गार झाला. तूप कुठलं, इसेन्समध्ये अल्कोहोल आहे का, वर्ख लावता का, यंत्राला वंगण कशाचं, एकेक विचारत सुटले. मी उत्तरं देत होते आणि मनातून रंगत चालले होते. मला वाटायचं हलाल म्हणजे कसाई आणि सुरी. पण पदार्थात काय आहे, त्याला काय काय लागलं, त्या भांड्यात आधी काय शिजलं, हे सगळं त्यात येतं. तुझं सोवळं वेगळं, पण प्रश्न हेच. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला तू असंच भंडावून सोडायचीस.

मग त्यांनी ताटांना तूप लावायचा ब्रश उचलला. एक केस उपटला, काडी ओढून पेटवला. खोलीभर जळक्या केसांचा वास.

"ताई, प्लास्टिक असतं तर वितळलं असतं," ते म्हणाले. "हा जनावराचा केस हाय. असे ब्रश डुकराच्याच केसाचे येतात. येवढी वर्षं तुमी कोनाले इचारलं काहून नाही?"

हिरव्या ठिपक्याची बर्फी आणि डुकराचा केस! ब्रश फेकले, पण ताटं, सुऱ्या, ओटा, सगळ्यालाच तो लागलेला. तयार माल बाद झाला, ऑर्डर जाते की राहते अशी वेळ आली. तेव्हा त्यांनी रीत सांगितली. कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यात एकदा माती लावून. माल जाणार त्या देशात डुकराचं काही लागलं तरी हीच रीत चालते.

आई, मी तिथेच हसले. सक्करदऱ्याचं आपलं अंगण समोर उभं राहिलं. कुत्रा दुधाच्या पितळी गंजात तोंड घालून पळालाय. तू पदर खोचून माती न् राखेनं गंज घासते आहेस आणि माझ्यावर ओरडते आहेस, "पानी टाक वं, अजून टाक!" भिंतीपलीकडून शेजारची खाला बघते आहे, म्हणते आहे, "हमारे में भी मिट्टी लगातेच." तू नुसती हूं म्हणालीस. तिच्या घरचं शिजवलेलं तू खायची नाहीस, म्हणून ईदला ती शेवया, साखर, सुकामेवा सगळं कोरंच पाठवायची. तुझा नियम तिला पाठ होता. तिचा काय आहे, हे आपण कधी विचारलंच नाही.

चाचांच्या देखत कारखान्यातल्या आम्ही सगळ्या जणी बाह्या सरसावून घासायला बसलो. नवे ब्रश आणले, बर्फीचा नवा घाणा लावला, त्यांनी पुन्हा येऊन कोपरा न् कोपरा पाहिला, आणि आज प्रमाणपत्र हातात पडताच माल रवाना झाला. इतका आनंद झालाय की कोणाला सांगू नि कोणाला नाही असं झालंय.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा खरं सांगते. चाचा ब्रश पुढे धरून मला बोलले तेव्हा सगळ्या बायका खाली मान घालून उभ्या होत्या. मला मात्र आतून बरं वाटत होतं. तू गेल्यापासून माझ्या ओट्याशी उभं राहून मला कोणी रागावलंच नव्हतं.