फलकावरचा डॉल्फिन

देवबाग,
१४ डिसेंबर २००८

प्रिय निकेत,

सुदेशचा चांगला फोटो पाठव म्हणून तू तीनदा फोन केलास. तुझा भाऊ घरातून गेल्याला वर्ष झालं, आता फोटो घेऊन तू स्वतः गोव्याला जाणार, वास्कोच्या धक्क्यावर ट्रॉलरवाल्यांना दाखवत फिरणार, हेही सांगितलंस. तिन्ही वेळा मी ‘लेन्स खराब आहे’ म्हणून विषय टाळला. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. फोनवर माझी जीभ अडखळते, म्हणून लिहितो आहे.

लेन्सपासूनच सुरुवात करतो. रागावू नकोस. मुंबईहून तू तो जुना डिजिटल कॅमेरा आणि दोन स्वस्तातल्या लेन्स आणल्यास तेव्हा हात धुऊन पुसल्याशिवाय मी त्यांना शिवत नसे. छोटी लेन्स बरी आहे. पण माझा धंदा मोठ्या झूमवर, डॉल्फिन बघायला येणाऱ्या पाहुण्यांवर. ती लेन्स पूर्ण ताणली की सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. बगळा कापसाचा वाटतो. चकाकत्या धातूला जांभळी कड येते, मग तो इंजिनाचा पाइप असो की स्टीलचा हंडा. फोकस तर सापडतच नाही. मोटर घर्रघर्र करत पुढे-मागे चाचपडते आणि डॉल्फिन बुडाल्यावर थांबते. मी ज्याच्या होडीतून जातो तो गुरुदास पाहुण्यांसमोर म्हणायचा, “ह्येच्या कॅमेऱ्याक मोतीबिंदू झालो हा. फोटो काढता डॉल्फिनाचो, येता डांबराचो डाग.” पाहुणे हसायचे, मीही हसायचो.

आता तो तसं म्हणत नाही. त्याचं कारण सांगतो. गेलं वर्षभर या लेन्सला एकच जागा बिनचूक सापडते. खाडी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ पुळणीचा, वाळूचा जो पट्टा भरतीला बुडतो, तिथलं पाणी. तिथे काही नसतं, पक्षीसुद्धा नसतो. पण कॅमेरा तिकडे वळवला की मोटर जराही चाचपडत नाही, टीक करून थांबते. आणि फोटोतलं पाणी इतकं स्पष्ट येतं की लाटेवरची एकेक सुरकुती मोजावी. मी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उजेडात एक्केचाळीस वेळा करून पाहिलं आणि वहीत लिहून ठेवलं. मग गुरुदासच्या हातात कॅमेरा दिला. त्याच्याही हातात ती थांबली. त्याने कॅमेऱ्यावरून डोळा काढून पाण्याकडे पाहिलं, पुन्हा डोळा लावला, आणि कॅमेरा मला परत देऊन होडीतलं पाणी उपसत बसला.

गेल्या वर्षी दोन डिसेंबरला, रविवारी, होडीत जागा नव्हती म्हणून मी किनाऱ्यावरूनच फोटो काढत होतो. पाण्यात पाहुण्यांचा आरडाओरडा चालला होता. संगमाकडे काहीतरी काळं वर आलं. मी झूम ताणला. मोटर नेहमीसारखी भरकटली. मी लेन्सला शिव्या घातल्या, बटण दाबून धरलं, पाच फोटो निघाले. कॅमेऱ्यातली वेळ दहा बेचाळीस. पाचव्यात नुसतं पाणी. तिसऱ्यात एक काळा ठिपका आणि त्यातून वर गेलेली तिरकी रेघ. अस्पष्ट, पण डॉल्फिनचा पर म्हणून खपण्यासारखी. तो मी मालवणला मोठा करून आणला आणि जेटीजवळच्या माझ्या फलकावर लावला. खाली ठळक अक्षरात ‘डॉल्फिन, देवबाग’ असं लिहिलं.

त्याच दिवशी सुदेश घरी आला नाही. पण आठवडाभर तो ‘गोव्याक जातंय’ म्हणत होता, तुमचं फोनवर भांडणही झालं होतं, त्यामुळे गेला असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं.

तुझी आई मासळीची टोपली घेऊन रोज त्या फलकावरून जाते. मथुराकाकी कधी कुणाचा फोटो बघायला थांबणारी नाही. पण या फोटोसमोर ती थांबायला लागली. टोपली डोक्यावर तशीच, पाणी खांद्यावर ठिबकतंय, आणि ती उभी. एकदा मी म्हटलं, काकी, तो चांगला आला नाही, काढून दुसरा लावतो. तर म्हणाली, “काढू नको रे. माका वळखता तो.” मी ते हसण्यावारी नेलं.

तीन आठवड्यांपूर्वी पुण्याचे एक डॉक्टर आले होते. त्यांची भारी लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसली. अर्धा तास त्यांनी ती मला दिली. निकेत, मी पहिल्यांदा डॉल्फिन नीट पाहिला. त्याचा पर मागे झुकलेला असतो, गोलसर, चामड्यासारखा. घरी येऊन मी त्या पाच फोटोंतला तिसरा सायबर कॅफेतल्या मोठ्या पडद्यावर उघडला. माझी रेघ झुकलेली नाही. ती वर जाऊन पसरते. आणि पसरते त्याच्या जरा खाली एक बारीक जांभळी कड आहे. कातडीला तशी कड या लेन्सने मला कधी दिली नाही, ती धातूलाच येते. तू सुदेशला दिलेल्या घड्याळाचा पट्टा स्टीलचा होता. ओहोटीला तो संगमाजवळच्या त्या पुळणीवर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायचा, हे तुला माहीत आहे. भरती लागली तरी टोपली भरल्याशिवाय उठायचा नाही, हेही.

त्या सकाळी मला एक हाक ऐकू आली होती. पाहुण्यांची असेल असं वाटलं. मी डोळ्यावरून कॅमेरा खाली घेतला नाही. लेन्सला दोष देत राहिलो.

मी फोटो फलकावरून काढला. दुसऱ्याच दिवशी काकी दारात. “खंय गेलो तो? माका दी.” मला नाही म्हणता आलं नाही. तिने तो घरात आरशाशेजारी लावला आहे. काल गेलो तर फोटोखाली फळीवर चहाचा कप ठेवलेला, वाफ निघत होती. मी उगाच हसून म्हटलं, काकी, डॉल्फिनाक चाय? ती चुलीकडे बघत म्हणाली, “थंड पाण्यात आसा रे तो. वर्स झाला.” मग मलाही एक कप दिला आणि बाजारात सुरमई किती महागली ते सांगत बसली. तिला काय ठाऊक आहे आणि काय नाही, मला कळत नाही. विचारायची हिंमत नाही. म्हणून पाचही फोटोंची सीडी या पाकिटात घातली आहे. तिसरा मोठा करून बघ. हात तू ओळखशील, तू त्याला पोहायला शिकवलंस. माझी चूक असेल तर मला वाटेल ते बोल आणि खुशाल गोव्याला जा. नसेल तर वास्कोची गाडी धरू नकोस, घरी ये. मी तुझ्याबरोबर काकीसमोर बसेन, आणि हाक ऐकल्याचं मी स्वतः सांगेन.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
प्रितेश