तिरपी दुर्बीण

११ नोव्हेंबर

पोचले एकदाची. तळोद्याहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेवटची केळीची बाग संपली की आमचा कॅम्प. दोन खोल्या, पत्र्याची पडवी, एक मोठा पिंजरा, आणि मागे सातपुडा इतका जवळ की चहा पिताना त्याच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. प्राणी वाचवणाऱ्या एका छोट्या संस्थेनं मला वर्षभरासाठी नेमलं आहे. उसात शिरलेल्या बिबट्याला भुलीचा डार्ट मारायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि वनखात्याच्या लोकांबरोबर आत जंगलात सोडायचा. पाच वर्षं म्हशींची अडलेली बाळंतपणं केल्यावर हे काम मिळालं, म्हणून मी फार खूश आहे.

इथे दोनच माणसं. दलसिंग हा चाळिशीतला पावरा आदिवासी गडी, जीप चालवतो, माग काढतो, बोलतो अगदी कमी. सिंधुबाई स्वयंपाक करते. कांदा-लसूण खात नाही म्हटल्यावर तिनं माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

दोंडाईच्याहून मम्मीचा फोन आला. आमच्या घरी मुंगीसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात, आणि पोरगी बंदूक चालवणार. जीव तर जात नाही ना, असं तिनं तीनदा विचारलं. नुसती झोप लागते, असं मी तीनदा सांगितलं.

बंदूक चांगली निगा राखलेली आहे. दुर्बीण मात्र काढून, फडक्यात गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवलेली. दलसिंगनं विचारलं, तिच्याशिवाय नाही का चालणार. चाळीस पावलांवरून? मी हसले.

१२ नोव्हेंबर

सकाळभर दुर्बीण बसवली. आधी बंदूक रेतीच्या पिशव्यांत दाबून बसवली, वरच्या पट्टीवर पाणसळ ठेवली आणि बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत इकडून तिकडून थापटत राहिले. मग खालच्या कड्या पट्टीवर घट्ट केल्या, त्यात दुर्बीण ठेवली, वरच्या कड्या सैलच ठेवल्या. तीस पावलांवर निंबाच्या फांदीला ओळंबा टांगला. दुर्बिणीतली उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर तंतोतंत पडली तेव्हा स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीनं, थोडेथोडे आवळले. एक बाजू एकदम आवळली की दुर्बीण फिरते.

एवढा घोळ उगाच नाही घालत. डार्ट सरळ जात नाही, फेकलेल्या लिंबासारखा खाली येत जातो. दुर्बीण तिरपी असेल तर तो खाली येता येता बाजूलाही सरकतो, चाळीस पावलांवर चांगला वीतभर.

पाण्यानं भरलेले पाच डार्ट कडब्याच्या गठ्ठ्यावर मारले. पाचही तळहाताएवढ्या जागेत. सिंधुबाईनं टाळ्या वाजवल्या. दलसिंग जीपखाली काहीतरी करत होता, तो बाहेर आलाच नाही.

१३ नोव्हेंबर

रेघ डावीकडे कललेली आहे. घड्याळात अकरा वाजताना काटा असतो तशी. काल कुठेतरी कमी आवळलं असणार. चूक माझी. सगळं सोडून पुन्हा बसवलं. अख्खी सकाळ गेली.

१५ नोव्हेंबर

काल सरळ होती, आज पुन्हा अकराचा काटा. मी तीन वेळा बसवली आहे. पाणसळ बदलली, गावातल्या गवंड्याची आणली. ओळंबा बदलला. संस्थेनं ज्यांच्याकडून बंदूक घेतली त्यांना फोन केला, तर पलीकडचा माणूस मला स्क्रू कसे आवळायचे ते शिकवायला लागला. मी फोन ठेवून दिला.

चिडले होते, म्हणून दलसिंगला सरळ विचारलं की बंदुकीला हात कोण लावतं. तो खाली बघत म्हणाला की त्यानं त्या दुर्बिणीला हात लावायचं केव्हाच सोडलं आहे. मला ते उत्तर उद्धट वाटलं. आता बंदूक माझ्या खोलीत, लोखंडी कपाटात, कुलपात.

१८ नोव्हेंबर

काल नव्या कड्या आल्या. बसवल्या. या वेळी कडी आणि दुर्बीण दोन्हींवरून मिळून लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरही. केसाएवढी जरी हलली तरी रेघ तुटणार.

आज सकाळी कपाट उघडलं. नेलपॉलिशची एकही रेघ तुटलेली नाही. दुर्बीण हललेली नाही. आतली रेघ अकराच्या काट्यावर.

मी पडवीत बसून रडले. भीतीनं नाही, संतापानं. जी गोष्ट हललीच नाही ती दुरुस्त कशी करायची?

२० नोव्हेंबर

म्हसावदच्या अलीकडे एका उसात बिबट्या दिसला म्हणून सकाळी नऊला फोन. तोड चालू होती. मजूर बांधावर काढले आणि मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहिले. दुर्बीण तिरपी तर तिरपी. किती सरकेल त्याचा हिशेब मी मनाशी केला होता.

साध्या डोळ्यांना दिसत होतं: तिसऱ्या सरीत पिवळी पाठ, काळे ठिपके, शेपटीचं टोक हलतंय.

दुर्बिणीला डोळा लावला. तिथे एक बाई वाकून ऊस तोडत होती. निळं लुगडं, हातात कोयता.

मान वर केली, बिबट्या. डोळा लावला, बाई. असं चार वेळा. मग मी ओरडले की आत बाई आहे, कोणी पुढे जाऊ नका. मुकादमानं बायका मोजल्या. सगळ्या बांधावर होत्या. सिंधुबाई जेवणाचे डबे घेऊन आमच्याबरोबर आली होती, ती ट्रॉलीवर चढली, बघितलं आणि हळूच म्हणाली, “तठे कोन्हीच नई शे, ताई.”

तेवढ्यात बिबट्या निघाला आणि जाता जाता दगा नावाच्या मजुराचा दंड फाडून गेला. दगा वाचेल. पण त्याची बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. बंदूक माझ्या हातात होती.

दलसिंगनं परत येताना एकच विचारलं, लुगडं कुठल्या रंगाचं. मी सांगितलं. त्यानं जीप कडेला घेतली.

२१ नोव्हेंबर

सिंधुबाईनं भाकरी थापता थापता सांगितलं.

गेल्या वर्षी इथे जोएल डॉक्टर होते. अशीच तोड, असाच बिबट्या. घाई होती, दुर्बीण नुकतीच बसवलेली. डार्ट बिबट्याच्या बाजूनं गेला आणि मागच्या सरीत वाकलेल्या बाईला लागला. तिला बांधावर जायला कोणी सांगितलंच नव्हतं. बिबट्याची मात्रा माणसाच्या अंगात. दवाखाना येईपर्यंत ती जीपमध्येच गेली. जोएल डॉक्टर नवापूरकडे आपल्या गावी निघून गेले, पुन्हा आले नाहीत.

बाईचं नाव रूपलीबाई.

“ती दलसिंगनी बायको व्हती, ताई,” सिंधुबाई म्हणाली. “आते तरी ती नळी कपाटमा ठेवा.”

आणि मी या माणसाला विचारलं होतं की बंदुकीला हात कोण लावतं.

२२ नोव्हेंबर

दलसिंगची माफी मागितली. तो म्हणाला, माफी कसली, दुर्बीण त्यानंच बसवली होती. पाणसळ नव्हती, ओळंबा नव्हता. “डोळ्यानं बरोबर दिसत होतं, ताई.”

मग विचारलं, परवा तिनं मान वर केली का. मी नाही म्हटलं. तोंड दिसलं का. नाही.

तो म्हणाला, पुढच्या वेळी जरा थांबून बघा.

२४ नोव्हेंबर

दुर्बीण काढली. डब्यात, डबा कपाटात. आता बंदुकीच्या नळीच्या टोकावरच्या साध्या माशीवर नेम धरणार आणि वीस पावलांच्या आत जाऊन मारणार. धोका आहे, पण तो मला समजणारा धोका आहे. आज दहा डार्ट मारले. नीट लागले. बारा दिवस मी एका दुर्बिणीशी भांडत बसले होते याचीच चीड येते. आज पोटभर जेवले.

२७ नोव्हेंबर

पुन्हा उसाच्या तोडीत बिबट्या. नोंदीचा छापील कागद कॅम्पवर राहिला. इथेच लिहिते.

९.५० – डार्ट लागला. अठरा पावलं, उजवी मांडी. बिबट्याच. मी साध्या डोळ्यांनी पाहिला, दलसिंगनंही. सगळे मजूर आधीच रस्त्यावर नेले, दोनदा मोजले.

१०.०४ – बसली. मादी आहे.

१०.१० – पूर्ण झोप. डोळ्यांवर फडकं टाकलं. श्वास मिनिटाला सोळा. पिंजऱ्याचा ट्रॅक्टर चारीत रुतलाय, सगळे तिकडे धक्का द्यायला गेलेत. इथे आम्ही दोघंच.

१०.२० – श्वास अकरा. मात्रा बरोबर होती. दोनदा तपासली होती.

१०.२५ – सात. दलसिंग तिच्याशी पावरीत बोलतोय. गप्प राहा म्हटलं. ऐकत नाही.

१०.२८ – पाच. उठवायचं इंजेक्शन भरलं. पिंजऱ्यात घातल्याशिवाय देऊ नये. नाही दिलं तर मरेल. ट्रॅक्टरचा आवाज येतोय, पण जागचाच.

१०.३१ – त्यानं पंजा हातात घेतलाय. पंजाच. मी पुन्हा पाहिलं. पंजा –

बांगड्या –

दुर्बीण कपाटात आहे. दुर्बीण इथे नाही.

१०.३३ – तीन. मी मागे सरकले होते. दलसिंग म्हणाला, “द्या, ताई. त्या दिवशी हे कोणी दिलं नाही.”

१०.३५ – दिलं.

१०.३८ – श्वास नऊ. बोटं हलली. दलसिंगला दंडाला धरून ओढते, हटत नाही. रडत नाही, हसतोय.

१०.४० – ठिपके आहेत. निळं – नाही, ठिपके. मानेवर ठिपके, मी मोजते आहे, सात, आठ –

१०.४१ – पाय गोळा करतेय. त्यानं तोंडावरचं फडकं काढलं. मान वर – मला तोंड दिसतंय – ती त्याला हाक