ओल्या पोत्यातले शंभर दाणे

सोमवार, शाळेतून आल्या आल्या

तीन दिवस फळ्यावर शेकडेवारी शिकवली, सातवीची पोरं नुसती बघत राहिली. म्हणून गुरुवारी ओलं पोतं आणलं आणि वर्गातल्या सरलाच्या घरी पेरणीसाठी ठेवलेल्या सोयाबीनचे शंभर दाणे त्यात गुंडाळून ठेवले. हेडमास्तर हसले, "मॅडम, शाळा आहे का वावर?"

आज पोतं उलगडलं. कधी तोंड न उघडणारी सरला मोड आलेले दाणे मोजून ओरडली, "एकावन्नच टक्के, मॅडम! सत्तरच्या खाली असलं तं पेरत नाई. बाबा तं उद्या पेरून राह्यले!" सुट्टीत घरी पळाली. आली ती हसत. बाबांनी पेरणी थांबवली.

हे पोतं मला आधी का नाही सुचलं?

निघताना हेडमास्तरांनी गुपचूप बियाण्याची पुडी पुढे केली. "आमचंही पाहून देता का?"

म्हटलं, "सरलाला विचारा."